कारंज्यापाशी उभ्या छत्रीवाल्याची बखर

श्रीकुलस्वामिनी प्रसन्न असो, लिहिणारीचा हात स्थिर असो. शके एकोणीसशे नऊ, प्रभवनाम संवत्सरी, भाद्रपद वद्य पक्षी जे वर्तमान घडले ते ध्यानी आहे तैसे लिहिले आहे. राज्याचे नाव लिहिण्याचे कारण नाही. तीन खोल्या आणि एक गच्ची इतकाच मुलूख, परंतु भिंती चित्रांनी भरलेल्या. गादीवर दिगंबरपंत राजे होते आणि त्यांस साहेबाच्या अमदानीतील कोरीव छापील देखाव्यांचा छंद होता: प्रदर्शने, शहरांतल्या बागा, कारंजी, बँड वाजवायचे मंडप. रविवार उजाडला की स्वारी जुन्या बाजारावर चालून जाई, आणि रद्दीचे गड फोडून एखादा देखावा कैद करून आणी, मग दुपारपावेतो भिंग लावून त्याची पाहणी चाले.

ऐशा एका मोहिमेत थोरल्या शहरातील प्रदर्शनाचा देखावा हाती लागला. त्यात कारंज्यापाशी पगडी घातलेले, काखेत छत्री मारलेले एक गृहस्थ उभे होते. राजांच्या मातोश्री द्वारकाबाई आईसाहेब यांनी भिंगातून पाहिले आणि म्हणाल्या, "दिगू, हे माझे दादा." दादा म्हणजे त्यांचे वडील; आईसाहेब तान्ह्या असतानाच ते प्लेगात वारले होते, आणि तसबीर एकही नव्हती, आईसाहेबांची आई एवढेच सांगे की तरुणपणी ते प्रदर्शन पाहावयास गेले होते, असेच, काखेत छत्री मारून. मग चित्रास चौकट जाहली, आणि दर पितृपंधरवड्यात तिथीस त्यास हार पडू लागला.

त्या साली तिथीस मल्हारपंत पोंक्षे जेवावयास होते. हेही देखावे जमविणारे, शेजारच्या पेठेचे सरदार, आणि बाजारात राजांचे हाडवैरी. खीर-वडे जाहले, विडा जाहला, मग त्यांनी पिशवीतून एक कागद काढिला आणि हसून म्हणाले, "दिगंबरपंत, तुमचे आजोबा माझ्याकडेही आहेत."

कागदावर पूर्वेकडील भलत्याच शहराची बाग होती, आणि तळ्याकाठी तीच पगडी, तीच छत्री, तेच वर केलेले नाक. राजांचा चेहरा उतरला. हळूच म्हणाले, "मल्हारपंत, आज नको. आई ऐकते आहे."

"ऐकतेच आहे," आईसाहेब म्हणाल्या. "भिंग आण इकडे." आणि पुष्कळ वेळ पाहिले. मग विचारिले, "मल्हारराव, हे कसे काय?"

तेव्हा पोंक्षे ओशाळले, परंतु खरे तेच बोलले. "आईसाहेब, विलायतेतले कोरणारे इकडे येत नसत. बाग नकाशावरून काढीत, आणि माणसे ठरलेली असत. एक पगडीवाला, एक मडमीण, एक कुत्रे. बाग बदलली की तीच पुन्हा उभी करायची."

"म्हणजे हा कोणीच नव्हे?"

"तसेच म्हणायचे."

राजे म्हणाले, "आई, तो हार काढू का?"

"थांब रे. मल्हारराव, जन्मात बापाचे तोंड पाहिले नाही म्हणून याला बाप म्हटले, एवढे मलाही कळते. हा नव्हे म्हणता, तर माझे दादा दिसायला कसे होते ते तुम्ही सांगा."

पोंक्षे आपला कागद पिशवीत घालू लागले.

"नाही ना सांगता येत? मग हेच राहू देत. आणि तुमच्याकडचेही इकडे द्या. लेक जिवंत असता बाप परक्याच्या पिशवीत, शोभते का?"

मग पोंक्षे उठले, कागद आईसाहेबांपुढे ठेविला आणि नमस्कार केला, आणि वैर तेथेच सरले. पुढे राजे आणि सरदार एकत्र स्वारी करू लागले. बागेकडे कोण पाहतो, प्रथम छत्री शोधायची, आणि दादा कोठे घोड्यांच्या शर्यतीत, कोठे काचेच्या महालात सापडत गेले, आणि आईसाहेब प्रत्येक वेळी पुसत, "आता कुठवर गेले?" एका देखाव्यात तर विलायतेतली बाग होती, झाडांवर बर्फ, आणि दादा धोतरानिशी त्यात उभे. आईसाहेबांनी भिंग खाली ठेविले आणि म्हणाल्या, "एवढ्या थंडीत शाल तरी घ्यायची होती."

तात्पर्य, बाप सापडला की न सापडला हे शास्त्री जाणोत. लेकीस काळजी करावयास कोणी मिळाले. इतके वर्तमान.