ऑर्विलचं गुप्त मतदान

ऑर्विलच्या डोळ्यांनी दगा दिल्यापासून त्याची मतपत्रिका त्याची बायको आर्डिस भरायची. तो शेजारी बसून नावं सांगायचा, ती खुणा करायची. अडचण एकच होती. गावच्या रस्त्यांचा कारभार बघायला दर वेळी आर्डिसचा सख्खा भाऊ लेलँड उभा राहायचा. थंडीत रस्त्यांवरचा बर्फ काढणंही त्याच्याकडेच, आणि ऑर्विलच्या दारासमोरचा सगळ्यांत शेवटी निघायचा, तरी पेन बायकोच्या हातात असताना मेव्हण्याविरुद्ध बोलायची छाती त्याला नव्हती. तो मुकाट्याने "लेलँड" म्हणायचा.

यंदा चर्चच्या तळघरातल्या मतदान केंद्रावर बोलणारं यंत्र आलं. हेडफोन लावायचा, बटणं दाबायची, मत छापून बाहेर! कुणाची मदत नको, कुणाला पत्ता नको. ऑर्विल आठवडाभर बोहल्यावर चढायला निघाल्यासारखा खुशीत होता.

त्याने हेडफोन चढवला आणि बटण दाबलं.

"रस्ते कारभारी!" यंत्र अख्ख्या तळघराला ऐकू जाईल असं गरजलं. "लेलँड हौगेन! डेल स्टाइन! आपली पसंती सांगा!"

कॉफी पिणारी मंडळी वळून बघायला लागली.

"बर्निस! याचं तोंड बंद कर!" ऑर्विल ओरडला.

केंद्रप्रमुख बर्निस धावत आली. हेडफोनची वायर कुणी जोडलीच नव्हती. ती जोडल्यावर ऑर्विलने मनासारखं बटण दाबलं, पट्टी बाहेर आली आणि बर्निसने कपाळावर हात मारला.

"ऑर्विल, बाकीच्यांचे कागद हे एवढे मोठे आहेत, आणि तुझी ही बोटभर पट्टी. पेटीत एकच पट्टी निघाली तर ती कुणाची, हे सगळ्या गावाला कळेल!"

"मग मी टाकतच नाही."

"मग मत वाया जाईल. थांब, आणखी कुणीतरी यंत्रावर मत द्यायला हवं."

ती रांगेपाशी गेली. "मला चांगलं दिसतं बाई," एकजणी म्हणाली. "मला त्या यंत्रातल्या बयेचा आवाज आवडला नाही," दुसरा म्हणाला. बर्निस केकचा एकेक तुकडा कबूल करणार होती, पण ती लाच झाली असती.

"मी देते," मागून आर्डिस म्हणाली.

"तू?" ऑर्विल चपापला.

"तुझं मत तुझ्यापाशी राहायला हवं ना? मग झालं तर."

ऑर्विलला भरून आलं. आपल्याच भावाविरुद्धचं मत बिचारी नकळत झाकायला निघाली होती. मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. दोन पट्ट्या, त्यातली लेलँडच्या नावाची अर्थातच बहिणीची. उरलेली कुणाची, हे सांगायला ज्योतिषी कशाला हवा? पण तोवर दोन्ही पट्ट्या पेटीत पडल्या होत्या.

संध्याकाळी मोजणी झाली. लेलँड पुढच्याच खुर्चीत बसला होता. बर्निसने पहिली पट्टी उचलली.

"डेल स्टाइन."

ऑर्विलने मान खाली घातली.

"दुसरी पट्टी." बर्निस अडखळली. "डेल स्टाइन."

लेलँड बहिणीकडे बघतच राहिला. तिने त्याच्यापुढे कॉफीचा कप सरकवला आणि कोट घातला.

घरी जाताना गाडी निम्म्या वाटेवर आल्यावर ऑर्विलने विचारलं.

"सख्ख्या भावाविरुद्ध, आर्डिस?"

"दर जानेवारीत आठ-आठ दिवस बर्फात तुझ्याबरोबर घरात कोंडून पडते. भाऊ असला म्हणून काय झालं?"

"म्हणजे या वेळीच?"

"छे, पहिल्यापासून."

"आणि माझ्या कागदावर?"

"तू सांगायचास तेच. लेलँड. दर वेळी वाटायचं, तुझे कान उपटावेत. पण मत तुझं होतं."

ऑर्विलने खिडकीची काच खाली केली. गार वारा तोंडावर आला. इतकी वर्षं तो बायकोला भीत होता, आणि तिने त्याचा शब्द काडीइतकाही बदलला नव्हता.

"मागच्या खेपेला लेलँड किती मतांनी निवडून आला होता गं?" त्याने हळूच विचारलं.

"एका मताने," आर्डिस म्हणाली.