नसलेल्या लग्नाची परात

माणूस जिवंत असेपर्यंत त्याला मुलं किती, हा त्याचा खाजगी प्रश्न असतो. तो मेला की प्रश्न महसुली होतो. जिवंतपणी ज्यांनी कधी "जेवला का बाप्पा" म्हणून विचारलं नाही, ते सगळे सज्जन मग मृत्यूचा दाखला, रेशनकार्डाची झेरॉक्स आणि दोन-दोन फोटो घेऊन तलाठ्याकडे रांगेत उभे राहतात आणि मयताचे आपण किती जवळचे होतो, हे प्रतिज्ञापत्रावर लिहून देतात. मृत्युपत्र न करता मेलेला माणूस समाजाला फार उपयोगी पडतो. त्याच्यामुळे माणसं वर्षभर कामाला लागतात.

सेलूचे ताराचंद उरकुडे असेच उपयोगी गृहस्थ होते. स्वकमाईनं घेतलेलं चार एकर ओलिताचं वावर, त्यात वांगी, पालक आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर. आठवड्यात एक बाजार सेलूचा करायचे, एक पुलगावचा. मृत्युपत्र केलं नव्हतं. पण एक गोष्ट त्यांनी गरजेपेक्षा जास्त केली होती, ती म्हणजे संसार. पहिला सेलूला, ज्योत्स्नाबाईंबरोबर. त्यातून हर्षित आणि अंकिता. दुसरा पुलगावला लागून असलेल्या नाचणगावला, गोपिकाबाईंबरोबर. त्यातून आदेश. (पुलगावचा बाजार करून परत येताना ताराचंदला तीन-तीन दिवस लागत. एवढा दूरचा बाजार जिल्ह्यात दुसरा नाही.)

ताराचंद गेले तेव्हा सगळी सूत्रं त्यांचे थोरले बंधू पुंडलिकराव यांनी हाती घेतली. पुंडलिकराव म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. गावात कुणाचा पंचनामा असो, तंटा असो की सत्यनारायण, गुरुजी खुर्चीवर असायचेच. खोटं बोलणं त्यांना मुळीच आवडत नसे. बोलावंच लागलं तर ते लेखी बोलत.

वारस नोंदीचा अर्ज त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिला. वारस तीन: पत्नी ज्योत्स्ना, मुलगा हर्षित, मुलगी अंकिता. "यांव्यतिरिक्त मयतास अन्य कोणीही वारस नाही." खाली पाच प्रतिष्ठित पंचांच्या सह्या. पंचांचा अभ्यास दांडगा होता. पाचापैकी दोघं आदेशकडून वांगी घेत, एकाचा नातू त्याच्यासोबत क्रिकेट खेळे आणि उरलेल्या दोघांनी आदेशलाच ताराचंदला मोटरसायकलवर दवाखान्यात नेताना पाहिलं होतं. एकंदर आकडेवारी सांगायची तर, आदेश हा ताराचंदचा मुलगा आहे हे माहीत असणारे: सगळं गाव. माहीत नसणारे: अर्जदार.

नोटीस लागली. पंधरा दिवसांत हरकत घ्यायची होती. चौदाव्या दिवशी पंचवीस वर्षांच्या आदेशनं घेतली. त्याचं म्हणणं साधं होतं. दहावीपासून तो बापासोबत त्या वावरात राबत होता, आणि आता हर्षितनं फाटकाला कुलूप लावलं होतं. हिस्सा मिळाला नाही तर त्याला उद्यापासून दुसऱ्याच्या वावरात रोजानं जावं लागणार होतं.

गुरुजी हर्षितला घेऊन वर्ध्याला वकीलसाहेबांकडे गेले. हर्षित एका कार्यालयात कनिष्ठ लिपिक. फायलीला नुसता हात लावून ती किती महिने थांबेल हे सांगणारा.

"सोपी केस आहे ना साहेब?" हर्षित म्हणाला. "पहिली बायको जिवंत असताना दुसरं लगन केलं बाबांनी. म्हणजे ते लगन बेकायदेशीर. म्हणजे पोट्टाही बेकायदेशीर."

वकीलसाहेबांनी चष्मा काढला. "लग्न बेकायदेशीर. पोरगा नाही. बेकायदेशीर लग्नातून झालेल्या पोराला कायदा औरस मानतो. बापाच्या इस्टेटीत तुमच्या बरोबरीचा वाटा."

"आणि ती बाई?"

"तिला काही नाही. ती फक्त संसार करत होती."

हर्षितचा चेहरा पडला. चार एकराला तीन वारस म्हणजे एकेकाला सव्वा एकराच्या वर, चार वारस म्हणजे एकेक एकर, हा हिशोब लिपिकाला करावा लागत नाही, तो होतो.

"पण," वकीलसाहेब म्हणाले, "लग्न झालंच नसेल, नुसतं राहणंच असेल, तर मात्र तो बापाचा वारस होत नाही. तेव्हा लग्न बेकायदेशीर होतं असं म्हणू नका. लग्न नव्हतंच म्हणा."

कायद्याची ही दयाळू बाजू पुंडलिकरावांना पूर्वी कधी कळली नव्हती. चूक करायची तर विधिपूर्वक करावी, म्हणजे लेकरू उघड्यावर पडत नाही. मंगलाष्टकं म्हणून, अक्षता टाकून, पंगत बसवून केलेली चूक ही वारसांना लाभते. गुपचूप केलेली लाभत नाही. म्हणून आता नाचणगावच्या गोपिकाबाईंना आपलं लग्न अगदी रीतसर लागलं होतं, म्हणजेच ते पूर्णपणे बेकायदेशीर होतं, हे सिद्ध करायचं होतं. आणि सेलूच्या उरकुड्यांना ताराचंदनं कायदा कधीच मोडला नाही, तो फक्त सव्वीस वर्षं लग्नावाचून वागत होता, हे सिद्ध करून घराण्याची अब्रू वाचवायची होती.

अडचण एकच. गेली सव्वीस वर्षं पुंडलिकराव उलटं सांगत आले होते. भावानं दुसरं लग्न करून घराण्याचं नाक कापलं, हे त्यांनी चौदा लग्नांत, नऊ तेरव्यांत आणि बसस्टँडवर असंख्य वेळा जाहीर केलं होतं. ते सगळं परत घेणं भाग होतं. गुरुजी माणूस शिस्तीचे. त्यांनी घरांची यादी केली आणि रोज सकाळी चार घरं, याप्रमाणे निवेदन मागे घ्यायला निघाले. बहुतेकांनी चहा पाजून ऐकून घेतलं. शेजारच्या धुरपताबाईंनी मात्र सूप खाली ठेवलं.

"गुरुजी, तुम्हीच तं सांगत होते ना, भावानं दुसरं लगन करून नाक कापलं म्हणून? आता म्हणता लगनच नाई झालं. मंग तुमचं नाक कापलं कोनं?"

"नाकाचा विषय वेगळा, धुरपताबाई. हा वावराचा विषय आहे."

"असंल बाप्पा. पन मी तं बुंदी खाल्ली होती तिथं."

"ती वाढदिवसाची होती," गुरुजी म्हणाले आणि पुढच्या घरी गेले.

सुनावणीच्या दिवशी मंडळ अधिकारी मॅडमसमोर दोन्ही पक्ष बसले. एका बाजूला पुंडलिकराव, ज्योत्स्नाबाई, हर्षित आणि अल्लीपूरला शाळेत शिकवणारी अंकिता, जिनं रजा टाकली होती आणि जी सगळ्यांसाठी पाण्याच्या बाटल्या घेऊन आली होती. दुसऱ्या बाजूला आदेश आणि त्याची आई. गोपिकाबाईंनी डोक्यावरचा पदर सावरून ज्योत्स्नाबाईंना नमस्कार केला. ज्योत्स्नाबाईंनी पंख्याकडे पाहिलं. पण खरं सांगायचं तर त्यांना त्या बाईचा राग येईनासा झाला होता. ताराचंदचं पथ्यपाणी शेवटची दोन वर्षं तिनंच केलं होतं, आणि ताराचंदचं पथ्यपाणी करणं काय असतं हे जगात त्या दोघींनाच माहीत होतं.

गुरुजींनी उभं राहून सांगितलं, "माझ्या भावाचं नाचणगावात कोणतंही लग्न झालं नाही. हे मी जबाबदारीनं सांगतो."

"तुम्ही खात्रीनं कसं सांगता?"

"झालं असतं तर मला कळलं असतं. मी थोरला आहे."

मॅडमनी आदेशकडे पाहिलं. "पुरावा काय आहे? फोटो? पत्रिका?"

"फोटोवाला आलाच नव्हता मॅडम, त्याची गाडी पंक्चर झाली होती म्हणते आई," आदेश म्हणाला. "पन हे आहे." आणि त्यानं खताच्या रिकाम्या गोणीतून एक पितळी परात काढून टेबलावर ठेवली. नुकतीच चिंचेनं घासलेली. काठावर अजून थोडी कणीक होती.

आता इथं उरकुडे घराण्याची एक रीत सांगणं भाग आहे. लग्नाला रिकाम्या हातानं जायचं नाही, आणि भांडं दिलं तर त्यावर नाव घातल्याशिवाय द्यायचं नाही. सव्वीस वर्षांपूर्वी पुंडलिकरावांनी "त्या लग्नाला आमच्या घरचं कुत्रंही जाणार नाही" अशी घोषणा करून गाव गोळा केलं होतं, आणि मग ते लग्न मोडण्यासाठी स्वतः नाचणगावला गेले होते. हेतू शुद्ध होता. पण मोडायचं असलं तरी लग्न ते लग्नच. तिथं हात हलवत कसं जायचं? म्हणून पुलगावला उतरून त्यांनी परात घेतली, तिच्यावर नाव घालून घेतलं, नाव घालणारा हळूबाई निघाला, आणि गुरुजी मारुतीच्या देवळात पोचले तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या आणि पंगत बसली होती. भरल्या पानावर आलेल्या माणसानं निषेध कसा करायचा, हे कुठल्याच शास्त्रात दिलेलं नाही. गुरुजी जेवले. परात दिली. घरी येऊन त्यांनी बहिष्कार पाळला.

मॅडमनी परात उजेडाला धरून वाचायला सुरुवात केली. वेळ लागला, कारण गुरुजींना अर्धवट मजकूर कधी चालला नव्हता. "चिरंजीव ताराचंद व चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी गोपिका यांच्या शुभविवाहाप्रीत्यर्थ सप्रेम भेट. नांदा सौख्यभरे. पुंडलिक गुरुजी उरकुडे, सेलू." खाली तारीख, वार आणि तिथी.

अंकिता खिडकीकडे तोंड करून हसत होती.

"हे तुम्हीच का?" मॅडमनी विचारलं.

हर्षित गुरुजींच्या कानाशी लागला. "मोठेबाबा, नाई म्हना. दुसरा कोनी पुंडलिक असंल म्हना. सेलूत काय एकच उरकुडे आहे काय?"

गुरुजींना ते जमलंही असतं. भावाचं लग्न त्यांनी नाकारलं होतं, वहिनी नाकारली होती, पुतण्या नाकारला होता. यांतलं काहीच त्यांना जड गेलं नव्हतं. पण दिलेला आहेर नाकारायचा, आणि तो दुसऱ्याच कुणा पुंडलिकाच्या नावावर जाऊ द्यायचा, हे मात्र त्यांच्या जिवाला सोसेना.

"दुसरा कोण देतो हो!" ते ओरडले. "पावणेदोन किलोची आहे ती! त्या अख्ख्या लग्नात एवढी जड परात दुसऱ्या कोणी दिली असेल तर दाखवा! बाकीच्यांनी वाट्या दिल्या, वाट्या!"

"त्या अख्ख्या लग्नात," मॅडमनी लिहून घेतलं.

गुरुजी खाली बसले. अंकितानं त्यांना पाण्याची बाटली दिली. आदेश उठून त्यांच्या पाया पडला. "मोठेबाबा, आई रोज याच परातीत कणीक मळते. तुमचं नाव घेतल्याशिवाय आमच्या घरी कधी चूल पेटली नाई." असं म्हणून पोरगा रडायला लागला. गुरुजीही रडले. अर्धे पुतण्यासाठी रडले, अर्धे परातीसाठी. पण रडले मनापासून. त्याच दिवशी त्यांनी अर्ज दुरुस्त करून दिला. वारस चार. एकेकाला एक एकर. हर्षितनं तीन दिवस तोंड फुगवलं आणि चौथ्या दिवशी फाटकाचं कुलूप काढलं, कारण पालक वाळून राह्यला होता आणि पाणी कसं फिरवायचं हे फक्त आदेशला येत होतं.

प्रत्येक चांगल्या घरात वारस नोंद झाली की पुढची पायरी असते ती हक्कसोडपत्राची. बहिणी आपला हिस्सा भावांना सोडतात, भाऊ साडी घेतात आणि माहेर शाबूत राहतं. गुरुजींनी मसुदा तयार केला. "मी लिहून देते की, माझा हिस्सा मी स्वखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय सोडत आहे." (यात बहिणीची खुशी आधीच छापून येते, तिला त्रास पडत नाही.) हर्षितनं हिरवी साडी आणली. निम्मी वर्गणी आदेशनं दिली. तो आता घरचाच होता. रविवारी अंकिताला जेवायला बोलावलं. तिनं जेवून हात पुसले, कागद शेवटपर्यंत वाचला आणि पेन परत दिलं.

"मी स्वखुश नाई," ती म्हणाली. "मले माझं एक एकर पाहिजे."

ज्योत्स्नाबाई उठून ताटं उचलायला लागल्या आणि जाता जाता लेकीच्या पाठीवरून हात फिरवून गेल्या, पण ते कुणी पाहिलं नाही.

"असं कसं अंकू?" हर्षित म्हणाला. "बहिणी असं करतेत काय? लोकं काय म्हनतीन?"

"आन् ताई," आदेश म्हणाला, "तुया लगनात सारं देल्लंच ना तुले!" (या लग्नाचं त्याला आमंत्रण नव्हतं.)

"आदेश, तुले हिस्सा भेटला तवा मी काही म्हटलं काय?"

"ते वेगळं," आदेश म्हणाला.

"ते वेगळं," हर्षित म्हणाला.

पुंडलिकरावांचे डोळे भरून आले. दोन्ही पुतणे एकाच सोफ्यावर बसले होते, गुडघ्याला गुडघा लावून, एका सुरात बोलत होते. आदेश उरकुड्यांचं रक्त आहे की नाही, याविषयी त्यांच्या मनात उरलीसुरली जी शंका होती ती त्या क्षणी फिटली. कुठल्याही परातीपेक्षा हा पुरावा जड होता.

अंकिता पर्स उचलून अल्लीपूरची बस गाठायला निघून गेली. साडी सोफ्यावर राहिली. दोघं भाऊ वर्ध्याच्या वकीलसाहेबांना फोन लावून राह्यले आहेत, आणि अंकिताचं एक एकर द्यावं लागू नये म्हणून काय करता येईल ते एकत्र विचारून राह्यले आहेत.

वाचकहो, आतापर्यंत तुम्ही आदेशच्या बाजूनं होता, याची नोंद घेतलेली आहे. आता तुम्ही कुणाच्या बाजूनं आहात, ते मनातल्या मनातच ठरवा. मोठ्यानं बोलू नका. तुमची बहीणही हे वाचत असेल.