दोन माणसांचा बाक

गोविंद मेस्त्रीला मी पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या नव्या डायनिंग टेबलावर झोपलेला. उताणा, छातीवर हात, डोळे मिटलेले. बायको त्याच्यासाठी पोहे घेऊन बाहेर आली आणि बशी तिच्या हातून सुटली. टेबल डुगडुगतं म्हणून खालच्या गाळ्यातल्या सुताराला वर बोलावलं, तो टेबलावरच आटोपला तर पोलिसांना काय सांगायचं, इथपर्यंत माझं मन पोचलं होतं.

मेस्त्रीने एक डोळा उघडला. "साहेबानू, डावो पाय लंगडो आसा," तो म्हणाला आणि शांतपणे खाली उतरला.

मी साधा कारकून, पण तो मला पहिल्या दिवसापासून साहेबानू म्हणतो. मुलुंडला आमच्या बिल्डिंगच्या खाली त्याचा दहा बाय बाराचा गाळा. मालवणातून येऊन तीस वर्षं झाली, तरी भाषा तिकडचीच. लाकडाची कुठलीही वस्तू पारखायची त्याची एकच रीत. "आधी निजान बघूक व्हया." देवळातल्या बाकापासून रेशन दुकानाच्या फळीपर्यंत तो सगळीकडे झोपून आलेला आहे. ज्याला माणसाचं वजन पेलत नाही त्याला रंध्याचा जोर काय पेलणार, असं त्याचं म्हणणं.

तर या माणसाने एक दिवस मला सांगितलं की त्याला सुतारकामाचा नवा बाक विकत घ्यायचाय. मी चाटच पडलो. सुताराने बाक विकत घ्यायचा म्हणजे आचाऱ्याने खानावळीचा डबा लावण्यासारखं. शिवाय मी बघतोय तेव्हापासून मेस्त्री जुन्या पद्धतीने, जमिनीवर बसून, फळी पायाखाली दाबून काम करणारा. त्याच्या गाळ्यात पूर्वी एक बाक होता म्हणे, तो त्याने स्वतःच फोडून चुलीत घातला होता. का, ते सांगायचा नाही. "दुकानवाले इंग्लिश फाडतत, तुमी चला," एवढंच म्हणाला.

अंधेरीच्या एका शोरूमपासून आमची वारी सुरू झाली. तिथे टाय लावलेल्या एका पोराने एक चकचकीत बाक दाखवला. एकातच पाच कामं. करवत लावा, ड्रिल लावा, रंधा मारा, फळी आवळा, काम झालं की घडी करा. मी भारावून ऐकत होतो. वळून बघतो तर मेस्त्री चपला काढून बाकावर आडवा. दुकानात आलेल्या एका बाईंनी पदर तोंडाला लावला. मी आपला त्याच्याशी काही संबंध नसल्यासारखा छताच्या पंख्याकडे बघत राहिलो.

"साहेबानू, तुमी पन निजा हय. पलीकडच्या अंगाक."

आता काय करता. निजलो. पस्तीस वर्षांचा, बायकोमुलांचा माणूस, भर दुपारी अंधेरीत एका सुताराशेजारी बाकावर. मेस्त्री उठून त्या पोराला म्हणाला, "पाच कामां रवांदेत. माका दोन माणसांका पुरात असो व्हयो."

पोराने विचारलं, दोघं कारागीर आहेत का. मेस्त्री चपला घालायला लागला. गाळ्यात तो एकटाच असतो हे मला ठाऊक होतं.

मग त्याने खिशातून एक कागद काढला. फळी आवळून धरायला बाकाला शिकंजा असतो. मेस्त्रीला दोन शिकंजे हवे होते, बाकाच्या समोरासमोरच्या बाजूंना, पण एकाच टोकाला. पोरगा हसला. म्हणाला, "काका, चुकलंय तुमचं. शिकंजा कारागिराच्या डाव्या हाताला असतो. समोरचा माणूस तुमच्याकडे तोंड करून उभा राहणार, त्याचा डावा हात दुसऱ्या टोकाला. हे असं केलं तर समोरच्याला कामच करता येणार नाही."

"डावऱ्याक येता," मेस्त्री म्हणाला आणि कागदाची घडी घातली.

बाहेर येऊन उडप्याकडे चहा घेताना त्याने सांगितलं. आपण होऊन, माझ्याकडे न बघता. सदा नावाचा त्याचा धाकटा भाऊ डावरा. मेस्त्रीनेच त्याला कामाला लावलं आणि डावा हात पुढे आला की त्यावर फूटपट्टी मारली. बाक मेस्त्रीच्या मापाचा, शिकंजा मेस्त्रीच्या हाताला. सुतार उजव्याच हाताने काम करतो, आमच्या बापाने तेच शिकवलं, असं म्हणून मारली. एक दिवस सदाच्या उजव्या हातातली पटाशी सटकली आणि डाव्या अंगठ्याचं पेर घेऊन गेली. सदा हॉस्पिटलातून परत गाळ्यावर आलाच नाही. त्याला बारा वर्षं झाली. आता दहिसरला कुणाच्या तरी कारखान्यात दाराखिडक्यांना पॉलिश मारतो.

"माज्यापेक्षा चांगलो सुतार होतो," मेस्त्री म्हणाला. "त्येका परत बोलवचो आसा. बाक मी केलंय तर म्हनात, परत तुज्याच मापाचो केलंस. म्हनान इकत."

माझा चहा निवून गेला. इतके दिवस ज्याला मी विनोद समजून घरी साग्रसंगीत सांगत होतो, त्याच्या पोटात हे होतं. मला माझीच लाज वाटली.

त्यानंतर सहा दुकानं झाली. शेवटी घाटकोपरच्या एका म्हाताऱ्या शेटजींनी, हा माणूस वेडा आहे अशी खात्री करून घेऊन, सागवानी पायांचा बाक मेस्त्रीला हवा तसा जोडून दिला. तो गाळ्यात आल्यावर मेस्त्रीला आत जायला अंग चोरावं लागे. पलीकडची बाजू त्याने मोकळी ठेवली. तिथे कुणी चहाचा ग्लास ठेवला तरी तो खेकसायचा. दहिसरला त्याने दोनदा निरोप पाठवला. दोन्ही वेळा उत्तर नाही.

तिसरा निरोप मी स्वतः घेऊन गेलो. सदाने पॉलिशचा बोळा खाली न ठेवता ऐकून घेतलं. मी कागदावर बाकाचं चित्र काढून दाखवलं. ते मात्र त्याने बराच वेळ पाहिलं.

पुढच्या रविवारी तो आला. मेस्त्रीएवढा उंच नाही, चांगला वीतभर बुटका. मी जिन्यात उभा होतो, हलायची हिंमत होईना. सदा बाकाला वळसा घालून पलीकडे गेला, शिकंज्याचा दांडा डाव्या हाताने फिरवून पाहिला, फळीवर कोपर टेकलं.

"उंच आसा," तो म्हणाला.

सात दुकानं, सगळ्या मुंबईत झोपून केलेली पारख, आणि हा पहिलाच शब्द. मेस्त्री लाकडाच्या बाबतीत कुणाचं ऐकून घेत नाही. लग्नात भटजींशी पाटावरून भांडलेला माणूस आहे तो.

"किती?" मेस्त्रीने विचारलं.

"चार बोटां."

मेस्त्रीने करवत काढली. कोरा करकरीत बाक त्याने कुशीवर पाडला आणि पायावर खूण करून कापायला लागला. शेटजींनी पाहिलं असतं तर जागीच बसले असते. पहिला पाय निम्मा कापून झाल्यावर सदा पुढे झाला आणि त्याने पायाचं दुसरं टोक धरलं. मी वर आलो आणि नाक पुसत बसलो.

आता दोघं समोरासमोर काम करतात. सदा ताठ उभा असतो. मेस्त्री दिवसभर कमरेत वाकलेला, संध्याकाळी त्याची बायको पाठीला तेल चोळते. मी एकदा म्हटलं, "मेस्त्री, बाक फारच ठेंगणा झाला हो तुम्हाला."

रंधा न थांबवता तो म्हणाला, "नाय साहेबानू, बरोबर मापाचो आसा."