दाजी घरी जेवायला गेलेत

शाहूपुरीत आमच्या दाजींचं सहा टेबलांचं हॉटेल होतं. त्याच्या दारावर रोज संध्याकाळी एक पाटी लागायची. 'दाजी घरी जेवायला गेलेत. बसा, नाहीतर जा.'

हॉटेलवाला स्वतःचं हॉटेल सोडून घरी जेवायला जातो, तेही गिऱ्हाईक यायच्या वेळेला, हे कोल्हापुरात कुणाला पटायचं नाही. पण दाजींचं ठरलेलं. कॅलेंडरात सूर्यास्ताची वेळ बघायची, त्याच्या आधी तासभर गॅस बंद करायचा, एप्रन खुंटीला अडकवायचा आणि लुनावर बसून शिवाजी पेठेत घरी यायचं. थंडीत पाच वाजता, उन्हाळ्यात सहा वाजता.

एकदा एक कंत्राटदार आठ पाहुणे घेऊन आला. ऑर्डर दिली, पाणी उकळायला लागलं आणि दाजींनी एप्रन काढला. कंत्राटदार म्हणाला, अहो, पुण्याचं पावणं आल्यात. दाजी म्हणाले, "माझ्या घरात म्हातारी जेवायला बसल्या. तुमचं पावणं तरणं हाईत, थांबतील." थांबले बिचारे तासभर. कंत्राटदार परत पाऊल टाकणार नाही असं सांगून गेला आणि पुढच्या आठवड्यात बरोबर सात वाजता आला.

दाजी मूळचे इटलीचे. नाव नीनो. आमच्या गल्लीतल्या पद्मव्वाची सुनंदा आखातात नर्स होती, तिथल्याच एका मोठ्या हॉटेलात हे स्वयंपाकी. गरम तेलानं हात भाजला म्हणून दवाखान्यात गेले. सुनंदानं पट्टी बांधली. हात पंधरा दिवसांत बरा झाला, पण हे दोन महिने पट्टी बदलायला जात होते. नव्वद सालानंतर दोन-तीन वर्षांत दोघं लग्न करूनच इथं आले. सुनंदा एकुलती एक, बाप वारलेला, पद्मव्वा घरात एकटी. आईला एकटं ठेवायचं नाही, हे म्हणे दाजींनीच ठरवलं.

गल्लीचा जावई म्हणून आम्ही त्यांना दाजी केलं. मराठी ते पेठेत शिकले, म्हणून पेठेचीच बोलायचे. बँकेच्या साहेबालासुद्धा "काय भावा, बरं हाय न्हवं?" आवाज आमच्यापेक्षा मोठा. मला वाटलं, कोल्हापूरचं पाणी लागलं. सुनंदा म्हणाली, त्यांच्या गावात सगळेच असे ओरडून बोलतात, म्हणून तर इथं त्यांना करमतं.

माझा संबंध दुधामुळं आला. मी चौथीपर्यंत शिकले, मग जन्मभर म्हशी केल्या. एका सकाळी दाजी विचारल्याशिवाय गोठ्यात शिरले. म्हशीची कास बघितली, कपाळावर हात ठेवला आणि म्हणाले, आमच्या गावात पण म्हशी हाईत. मला ते खोटं वाटलं. गोऱ्यांच्या म्हशी गोऱ्या असतात का, असं मी विचारलं. "काळ्याच, आणि ह्यांच्यापेक्षा आळशी," म्हणाले. मग काढल्या धारेचं दूध पेलाभर प्यायले, मिशा पुसल्या आणि रोज दहा लिटर मागितलं. कशाला म्हणून विचारलं तर म्हणाले, नासवायला.

मी त्यांना गोठ्याबाहेर काढलं. दूध मुद्दाम नासवलं की म्हैस आटते अशी आमची समजूत. मग सुनंदा आली समजूत घालायला. त्याला चीज म्हणतात, ते दूध फोडून गरम पाण्यात मळतात, ओढतात आणि गोळे करतात. मी एक गोळा खाल्ला. सोललेल्या अंड्यासारखा दिसत होता. बेचव आहे म्हणून सांगितलं. दाजी दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. दूध मात्र नेलं.

हॉटेलात त्यांचं गिऱ्हाइकांशी रोज वाजायचं. शेवयांसारखं काहीतरी लांबलचक करायचे, वर टोमॅटो. माणसं म्हणायची, दाजी, जरा चटणी टाका की. दाजी झारा घेऊन बाहेर यायचे. "चटणी पायजे तर घरला जावा. आईनं केलेली खावा." एखादा माणूस एकटाच येऊन बसला तर त्याची चौकशी व्हायची. घरात कोण कोण हाय? बायको हाय, पोरं हाईत? मग त्यांना सोडून हितं कशाला खाताय? दोन-तीन जणांना तर त्यांनी खरंच उठवून घरी पाठवलं. सुनंदानं कपाळावर हात मारून घेतला. रविवारी हॉटेल बंदच, कारण दुपारी सगळ्या घरानं एकत्र जेवायचं. मलाही बोलवायचे. म्हशीला रविवार नसतो, असं मी त्यांना सांगून ठेवलं होतं.

आता पद्मव्वाचं सांगते. आमच्या पेठेतली जुनी जैन बाई. कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही. दिवस मावळला की पाण्याचा घोटही नाही. जावयाला तिनं घरात घेतलं, पण पहिल्याच दिवशी सांगितलं, याच्या हातचं मी खाणार नाही. सुनंदा इथल्या दवाखान्यात कामाला, नात शाळेत, म्हणजे संध्याकाळी ही एकटीच ताट घेऊन बसायची. म्हणून दाजी यायचे. गुडघे दुखायचे तरी तिच्यासमोर पाटावर बसायचे, तिनं केलेली भाकरी-आमटी खायचे आणि सोबत आणलेला छोटा डबा तिच्यापुढं सरकवायचे. डब्यात ते पांढरे गोळे. त्यांच्या देशात दूध फोडायला वासराच्या पोटातलं काहीतरी घालतात म्हणे. ते या घरात चालणार नाही म्हणून दाजींनी तिच्यापुरतं वेगळं, लिंबावर करायला घेतलं. दोन वर्षं गोळा धड जमत नव्हता, भुगा व्हायचा. शेवटी जमला. पद्मव्वा डब्याकडे बघायचीसुद्धा नाही. "ठेव तिकडं," म्हणायची. डबा मग नात खायची. असं दहा वर्षं चाललं.

पुढं पद्मव्वा थकली. ऐंशीच्या वर गेली, भाकरी चावता येईना, नुसती हाडं राहिली. दूध पोटाला सोसत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, पनीर, चीज, असलं काहीतरी मऊ पोटात जाऊ दे, नाहीतर म्हातारी टिकणार नाही. सुनंदानं पनीर करून दिलं, ते तिच्या घशाखाली उतरेना. आता डबा ही दाजींची नुसती हौस राहिली नाही, गरज झाली. ते माझ्याकडे आले. "आक्का, त्यात काय वाईट न्हाय, हे तुमी सांगा. तुमचं ऐकतील."

मी गेले. पद्मव्वाला म्हटलं, दूध माझ्या म्हशीचं, लिंबू मंडईतलं, आणि करताना मी स्वतः बघितलंय. खा गुमान.

"ठावं हाय मला," ती म्हणाली.

"मग खात का न्हाईस?"

ती पदराचा काठ चाचपत म्हणाली, "खाल्लं की झालं की त्याचं काम. मग रोज कशाला येतोय हितं भाकरी खायाला?"

मी तिला येडी म्हणाले आणि उठले. गोष्ट पोटात ठेवायची मला सवय नाही. दुसऱ्या दिवशी दाजी दुधाला आले तेव्हा जशीच्या तशी सांगितली. वाटलं, हसतील. ते किटली खाली ठेवून गोठ्याच्या दगडावर बसले.

आणि पहिल्यांदाच स्वतःच्या आईचं बोलले. ती वारून तेव्हा सहा वर्षं झाली होती. चार मुलगे, चौघं चार देशांत. घरात दहा माणसांचं टेबल, बापानं स्वतः केलेलं. म्हातारीला त्या टेबलावर एकटीला घास गिळायचा नाही. म्हणून ती चुलीपाशी उभ्यानं जेवायची, कित्येक वर्षं. हे दाजींना शेजारणीनं सांगितलं, आई गेल्यावर. फोनवर ती नेहमी म्हणायची, जेवले, पोटभर जेवले.

"मला कळलंच न्हाय, आक्का," दाजी म्हणाले. त्या दिवशी त्यांचा आवाज मोठा नव्हता.

संध्याकाळी ते घरी गेले ते डबा न घेता. मला कळलं तसं मी त्यांना गल्लीत गाठून झापलं. म्हातारी उपाशी मरायला लागली आणि तुम्ही डबा बंद करता?

"मी डब्यासाठी येतोय असं वाटतंय न्हवं तिला? मग डबाच नगो."

आठ दिवस ते मोकळ्या हातानं गेले. पाटावर बसले, तिची अर्धी भाकरी खाल्ली, हॉटेलात कोण कोण आलं ते सांगितलं, तिचं ताट धुऊन ठेवलं आणि परत कामाला गेले. चिजाचं नावसुद्धा काढलं नाही. माझा जीव वर-खाली होत होता, कारण म्हातारी रोज सुकत होती आणि तोंड उघडलं ते मी.

नवव्या दिवशी पद्मव्वाच बोलली. "हात हलवत येतोस रोज. उद्या काय तरी आण की."

पुढचं मला दाजींकडूनच कळलं. अकराव्या दिवशी सकाळी ते गोठ्यात आले तेव्हा किटली आणायची विसरले होते.

"आक्का, तिनं खाल्लं. अख्खा गोळा. मीठ कमी हाय म्हणाली."

मीठ कमी हाय म्हणाली, हे त्यांनी मला तीनदा सांगितलं, शेणात उभं राहून, डोळे पुसत. मी म्हटलं, दाजी, बाजूला सरा, मला धार काढायची हाय. ते काही सरले नाहीत. मग मीच म्हैस फिरवून घेतली.