लाव्यांच्या शिरगणतीची बखर

पाय धुऊन वाचावयास बसावे ऐसे या बखरीत काही नाही. तथापि जे घडले ते घडले तैसे लिहिणे हे बखरकाराचे काम, आणि खाविंदांचे घरचा चहा आम्ही दोन वेळ घेत असलो तरी आमची लेखणी त्या चहात बुडविलेली नाही, हे वाचणाराने ध्यानी धरून पुढे चालावे.

निवृत्तीचे साल दुसरे. खाविंद, म्हणजे बसखात्याचे माजी कंडक्टर, तीस वर्षे उभ्याने चाकरी करून घरी बसले, आणि बसता येईना. ज्यांचे घंटीवाचून गाडी जागची हलत नसे, त्यांस आता मीठ कोणत्या डब्यात आहे हेही बाईसाहेबांस, म्हणजे आपले कुटुंबास, विचारावे लागे, आणि उत्तर मिळे की तुम्हांस काय करायचंय. हे दुःख मोठे. मग जावईबापूंनी दया येऊन लावा पक्ष्यांची एका दिवसाची साठ पिल्ले खोक्यात घालून नजर केली. एकेक पिल्लू सुपारीएवढे, आणि आवाज मात्र लग्नघरासारखा.

फौज आली, परंतु मुलूख नाही. घरात मोकळी खोली एकच, ती बाईसाहेबांचे शिलाई मशीनची. मग दोन दिवस मसलत होऊन तह ठरला, तो ऐसा: एकवीस दिवस खोली खाविंदांकडे, एकविसावे दिवशी शिरगणती करावी आणि निम्मी फौज शाबूत नसेल तर खोली खाली करून पिल्ले जावयाकडे परत धाडावी, आणि पुन्हा घरात कशाचाही कारभार मागू नये. खाविंदांनी हसत मान्य केले. आपले हाती सोपविलेले हे शेवटचेच, हे त्यांचे पोटात होते, ते मात्र बोलले नाहीत.

बंदोबस्त चोख जाहला. फ्रिजच्या मोठ्या खोक्यात भुसा पसरला, वर शंभर वॅटचा दिवा टांगला, दाण्याची रसद लाविली, आणि पाण्याचे ताटलीत बाईसाहेबांनी गोट्या टाकिल्या, कारण एवढीशी पिल्ले बशीभर पाण्यातही बुडून मरतात. पहिले दिवशी साठ. दुसरे दिवशी सकाळी अठ्ठावन्न. दोन पिल्ले पाय वर करून पडलेली, अंगावर ना जखम ना ओरखडा. तिसरे दिवशी चोपन्न. गनीम कोण, कोठून येतो, काही कळेना.

मग खाविंदांचे मस्तक फिरले. प्रथम मुंग्यांवर संशय धरून खोके स्टुलावर चढविले आणि स्टुलाचे चारी पाय पाण्याचे वाट्यांत उभे केले. बाईसाहेबांची आमटीची वाटी त्यांत गेली, त्यावरून जे जाहले ते येथे लिहीत नाही. मग उंदरांवर संशय, सबब भिंतीतील भोके बुजविली. शेवटी शेजारीणबाईंचे बोक्यावर आरोप ठेवून खाविंद जातीने तिचे दारी गेले. तिने कळविले की बोका चौदा वर्षांचा असून त्याचे दात पडले, दूधही कोमट करून द्यावे लागते, आणि इतका पराक्रम तो करील तर ती स्वतः पेढे वाटील. खाविंद हात हलवीत परत आले. फौज एक्केचाळीसावर आली.

आता येथे एक गोष्ट सांगणे प्राप्त आहे. खाविंदांस चाकरीपासोन सवय, की तिकिटांशी डोकी जुळल्याशिवाय पुढे जायचे नाही. सबब नवा बंदोबस्त जाहला की तो लागू पडला किंवा नाही हे पाहण्यास शिरगणती होई. सकाळी एक, दुपारी एक, संध्याकाळी एक, आणि आकडा चुकला की पहिल्यापासून. रीत अशी: डोळे दिपतात म्हणोन दिवा बंद करावा, उजेडासाठी खिडकी उघडावी, आणि एकेक पिल्लू उचलून पत्र्याचे बादलीत ठेवावे. यात अर्धी घटका सोडाच, पुरा एक तास मोडे. पिल्ले बादलीत थरथरत, आणि खाविंद म्हणत, पाहा, शिस्तीत उभी आहेत. काय बोलावे!

दहावे दिवशी खाविंदांची दाढ ठणकली. गाल फुगून पपई जाहला, आणि स्वारी दोन दिवस अंथरुणास खिळली. बाईसाहेबांनी दाणापाणी केले, दार लोटले, आणि शिवण घेऊन बाहेर बसल्या. तिसरे दिवशी खाविंद उठून मोजतात तो पुरी एक्केचाळीस! विश्वास बसेना, म्हणोन आनंदाचे भरात लागोपाठ तीनदा मोजिली. दुसरे दिवशी सकाळी अडतीस.

तेव्हा बाईसाहेब खोलीत आल्या, खिडकी लाविली, दिवा लाविला, पत्र्याचे बादलीस आतून हात लावून पाहिला, आणि आवाज न चढविता बोलल्या.

"अहो, तुमची दाढ दुखली ते दोन दिवस एकही मेलं नाही. तुम्ही मोजता ना, त्या गारठ्यानंच मरतात ती."

खाविंदांनी बादली उचलून खोलीबाहेर ठेविली. मग म्हणाले, "मग मी करू काय?"

"काही नाही. बसा."

बखरीत खाविंद रडल्याचे लिहू नये असा दंडक आहे, परंतु रडले ते रडले. ज्यांस वाचवावयास एवढा जीव टाकिला, त्यांचा गनीम आपणच निघालो, हे कोणास सोसेल? बाईसाहेबांनी पाठीवरून हात फिरविला आणि चहा टाकिला, तो आम्हांसही मिळाला.

तेथून पुढील मोहीम सर्वांत बिकट. खाविंद दाराबाहेर खुर्ची टाकून बसत. आतून चिवचिवाट येई, आणि त्यांची बोटे गुडघ्यावर आपोआप चालू लागत. बाईसाहेब नुसत्या बघत, की बोटे थांबत. ऐसे दिवस लोटले. एकविसावा उजाडला. तहाप्रमाणे शिरगणती करणे प्राप्त, आणि खाविंद हात मागे बांधून उभे, की तुम्हीच मोजा, माझ्याने होणार नाही. बाईसाहेबांनी दार किलकिले करून आत पाहिले, म्हणाल्या, "आहेत पुष्कळ," आणि शिलाई मशीन ओढीत ओढीत कायमचे बैठकीत नेले.

येणेप्रमाणे फत्ते जाहली. दप्तरी नोंद करावयास विजयी फौजेची संख्या पाहिजे, ती आजतागायत कोणास ठाऊक नाही, आणि विचारण्याची कोणाची छाती नाही. तथापि सातवे आठवड्यात भुशामध्ये ठिपक्यांचे अंडे सापडले, आणि अंडी मोजण्यास बाईसाहेबांची परवानगी जाहली. सबब विजयाचा आकडा तोच येथे नमूद केला असे. अंडे एक. खाविंदांनी तीन वेळा मोजिले, तिन्ही वेळा एकच भरले.