सातवा वाटा

सकाळी घड्याळजींनी चहाचे आधण ठेवले, फळीवरून दोन कप काढले, एक परत ठेवला आणि ते कामाला लागले. चार दिवसांच्या ट्रेकचे जेवण जड डब्या-खोक्यांतून काढून हलक्या पिशव्यांत भरायचे होते: वाळवलेला भात, सुकवलेल्या भाज्या, मसाला, मीठ. माणशी एक पिशवी. दरवर्षी हे काम बायको करीत असे. तिला जाऊन चार महिने झाले होते.

मेहुणीने स्पष्टच बजावले होते, "भावजी, डोकं ठिकाणावर असेल तरच या. डोंगरात तुम्हाला सांभाळत बसणं आम्हाला जमायचं नाही." घड्याळजींना डोंगराची भीती नव्हती, या घरात आणखी चार दिवस एकट्याने काढण्याची होती.

मेहुणी आणि साडू सॅक भरायला आले. ट्रेकला जाणारी माणसे सहा; पिशव्या निघाल्या सात.

"अहो," मेहुणी नवऱ्याकडे वळली, "भावजींना हळूच सांगून ठेवलंत ना, 'मला डबल लागतं' म्हणून?"

"मी? शप्पथ नाही!"

"मागच्या खेपेला माझा वाटा कोणी संपवला?"

"तू टाकणार होतीस."

"मी झोपले होते!"

साडूने पुराव्यादाखल पोट आत ओढून दाखवले. घड्याळजी मान खाली घालून पुन्हा मोजत होते. 'माझी चूक' हे शब्द त्यांनी ओठांबाहेर येऊ दिले नाहीत. ते उच्चारले की ट्रेक संपला.

"मी मागितली असती तर चवीची तरी मागितली असती," म्हणत साडूने सातवी पिशवी उघडली, चिमूटभर तोंडात टाकली आणि पिशवी घड्याळजींपुढे धरली. त्यांनीही चाखून पाहिले. मीठच नव्हते. या घरात मीठ बंद असलेले माणूस एकच होते. आपल्या हातांनी कोणाचा वाटा भरला, हे घड्याळजींना तेव्हा कळले.

"काय झालं?" मेहुणीने विचारले.

साडू घाईने म्हणाला, "माझीच आहे. डॉक्टरांनी मीठ बंद केलंय. तुला सांगायचं राहिलं."

मेहुणीने पिशवीत बोट घालून चाखले. तिने एकवार घड्याळजींकडे पाहिले, मग नवऱ्याकडे.

"बरं. मग तुमचा मिठाचा वाटा इथंच राहील."

"चारी दिवस?"

"डॉक्टरांनी सांगितलंय ना!" म्हणून ती पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेली, परत येऊन सॅकचे पट्टे उगीच आवळत बसली आणि मग तंबू उचलून जिना उतरली.

साडू बुटाच्या नाड्या बांधायला वाकला. घड्याळजींनी मिठाची पुडी बांधली आणि त्याच्या सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात हळूच सरकवली.

तिथे आधीच एक पुडी होती. घाईघाईने बांधलेली, स्वयंपाकघरातल्याच कागदाची.