वासाचं मूळ शोधणारे चंपालालशेठ

कुणाच्या घरी गेलं की माणूस आधी चप्पल काढतो. चंपालालशेठ आधी खिडकी उघडायचे. आपण 'बसा' म्हणायच्या आत पडदा बाजूला, कडी वर आणि दोन्ही झडपा भिंतीला टेकलेल्या. मग मागे वळून, पेशंट तपासायला आल्यासारखे विचारायचे, "हं, सांगा. कसला येतो?"

मंचरला आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं किराणा दुकान. आजोबा राजस्थानातून आलेले, पण शेठ जन्मले इथेच. अंगानं काडी, पांढरा लेंगा, पांढरा शर्ट आणि चेहऱ्यावर कायम नुकतंच कुणाला तरी पोचवून आल्याची कळा. बायको गेली, त्यानंतर महिन्याभरात त्यांनी दुकान पुतण्याच्या हवाली केलं. खांद्याला कापडी पिशवी अडकवली आणि लोकांच्या घरातले वास घालवत हिंडायला लागले. पिशवीत खाण्याचा सोडा, व्हिनेगरची बाटली, लाकडी कोळसा, चुना, जुना टूथब्रश आणि एक बॅटरी. कुणी बोलवायची वाट बघत नसत. अमक्याच्या घरात कुबट येतंय एवढं कानावर पडलं, की शेठ दारात.

उदबत्ती आणि सुगंधी फवारे यांच्यावर त्यांचा भयंकर राग. "आंघोळ न करता पावडर थापायची, तसलं काम आहे हे," म्हणायचे. "वास झाकायचा नाही. मूळ शोधायचं. मूळ!" मूळ म्हणताना त्यांचं एक बोट वर जायचं. गल्लीतली पोरं त्यांना मागून 'मूळशेठ' म्हणायची. पुढून म्हणाली असती तरी त्यांनी मान डोलावली असती.

आमच्याकडे ते पहिल्यांदा आले ते एका श्रावणात. आठ दिवस बाहेरच्या खोलीत काहीतरी मरून पडल्यासारखा वास येत होता. मी शाळेत शिकवून आले की फरशी पुसायची, पुसली की वास जास्तच यायचा. माझ्या सासूबाई, म्हणजे आत्या, मोरीला दोष देत होत्या. आमचे मालक मला देत होते. शेठ आले, खिडकी उघडली आणि आत्यांना समोर उभं केलं.

"आंबट, कुबट, का उग्र?"

"घाण," आत्या म्हणाल्या.

"घाण हे उत्तर नाही, आजी. नीट सांगा. आंबट का कुबट?"

"आता म्या काय चाखून बघू व्हय?"

शेठ हसले नाहीत. त्यांनी आत्यांना कोपऱ्याकोपऱ्यात फिरवलं. प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न, "इथे वाढला का कमी झाला?" गुडघे धरून, कण्हत, शेठना आणि आम्हाला सारख्याच शिव्या देत आत्या दिवाणापाशी आल्या आणि ओरडल्या, "हितं! हितं लई मारतोय!"

दिवाण ओढला. मागे भिंतीला चिकटून एक बटाटा बसला होता. बसला कसला, वाहत होता. शेठ जैन, त्यांच्या घरात बटाटा कधी शिजला नाही. कांद्या-बटाट्याच्या या मुलखात ते जन्मभर त्याच्याकडे पाठ करून जगले होते. त्या दिवशी मात्र त्यांनी स्वतः तो कागदावर घेतला आणि मान खाली घालून, मुकाट, हळूहळू पावलं टाकत अंगणात नेला. आत्या मला म्हणाल्या, "खांदा द्यायला कुनी जातंय का?" जागा धुऊन त्यांनी तिथे सोडा पसरला. "उद्या झाडा. दिवाण ऊन पडेल तेव्हा बाहेर काढा," एवढं सांगून निघून गेले.

अवसरी बुद्रुकला माझ्या मावससासऱ्यांनी, म्हणजे मामांनी, नवा बंगला बांधलेला. मुलं दोन्ही पुण्यात, खाली म्हातारा-म्हातारी. जिन्यावरून गटाराचा वास उतरायचा. गवंडी म्हणाला, पाइप फुटलाय, फरशी फोडावी लागेल. मी शेठना माझ्या स्कूटीवर घेऊन गेले. नेहमीची चौकशी झाली आणि ते वरच्या बाथरूमच्या जाळीपाशी उकिडवे बसले.

"इथे आंघोळ कोण करतं?"

"कुनी न्हाई," मामा म्हणाले. "पोरं येतील तवा करतील."

"कधी आली होती?"

मामांनी मामींकडे पाहिलं. मामींनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

शेठनी एक बादली पाणी मागवलं आणि जाळीत ओतलं. "खाली वाकडा पाइप असतो. त्यात पाणी साचून राहतं, ते गटाराला अडवतं. कुणी वापरलं नाही की ते सुकतं आणि वास घरात येतो. आठवड्याला एक तांब्या ओतत जा."

"एक तांब्या?" मामा कपाळावर हात मारून म्हणाले, "आवं, आमी फरशी फोडनार व्हतो की!"

येताना, मंचर आल्यावर, शेठ मागून म्हणाले, "पाणी ओततील ना ते दर आठवड्याला?"

मग या दिवाळीच्या आधीची गोष्ट. शेठ आमच्याकडे पितळेची भांडी कशानं घासावीत यावर मला शिकवणी द्यायला आले होते. स्वयंपाकघरात खुर्चीवर बसले होते, गॅसकडे पाठ करून. दूध बारीक आचेवर ठेवून मी गच्चीवर कपडे आणायला गेले. वर शेजारीण भेटली, बोलण्यात वेळ गेला. जिना उतरतानाच करपल्याचा वास घशात गेला. धावत आले तर दूध पातेल्याच्या बुडाला जळून काळं झालेलं, आणि त्यापासून दोन हातांवर शेठ शांतपणे चिंचेनं पितळी तांब्या घासत बसलेले.

"शेठ, दूध करपलं!"

त्यांनी दचकून मागे पाहिलं. पातेलं पाहिलं, मग मला पाहिलं. तांब्या खाली ठेवला.

"तुम्हाला वास नाही आला?" मी विचारलं, आणि विचारता विचारताच मला कळलं.

"कोरोनात गेला," ते म्हणाले. "सगळ्यांचा महिन्या-दोन महिन्यांत परत आला. माझा नाही आला. दुकानात शेंगदाणा खवट का चांगला, कळेना. पुतण्या हुंगून सांगायचा, बायको गेल्यावर दुकानच त्याला देऊन टाकलं."

"मग हे वास शोधणं?"

"म्हणून तर लोकांना विचारतो ना. त्यांना येतो."

मी गॅस बंद केला. शेठ बोलायला लागले, तांब्याकडे बघत.

त्यांची बायको, शांताभाभी, कोरोनानंतर अर्धांगवायूनं दीड वर्ष अंथरुणाला खिळून होती. शेठनी बाई ठेवली नाही. तिचं सगळं स्वतः केलं. सकाळ-संध्याकाळ अंग पुसायचं, रोज चादर बदलायची, चादरीखाली रेक्झिन. "माझ्या हिशेबी घर लख्ख होतं, बाई. येणारे कमी झाले, तेव्हा वाटलं, लोकांना कामं असतात. तीच म्हणायची, पाहुण्यांना ओट्यावरच बसवा, मला बोलायचा त्रास होतो. मी तिचं ऐकायचो."

ती गेली. सगळं उरकल्यावर तिसऱ्या दिवशी गादी बाहेर काढायला दोन माणसं आली. रेक्झिन एका बाजूनं फाटलं होतं. कधी, कुणास ठाऊक. गादी उचलली आणि त्यातला एकजण तोंड दाबून पळाला, अंगणात ओकला.

"खालून पार सडली होती. दीड वर्ष ती त्याच्यावर पडून होती. तिला येत असेल ना वास? नाक तर चांगलं होतं तिचं. मला एकदाही बोलली नाही."

मग त्यांनी मान वर केली.

"तुम्ही यायच्या ना तिच्याकडे. तुम्हाला येत होता?"

मी जायचे. पहिले काही महिने आत जाऊन तिच्या उशाशी बसायचे. पुढे सणाची ताटली दारातच शेठच्या हातात द्यायची आणि 'भाभींना झोपू दे' म्हणून परत फिरायची. उंबऱ्यापर्यंत श्वास धरून जायचे, हे मला आजही आठवतं. आतून एकदा भाभींनी विचारलेलंही आठवतं, "बाई आल्यात का?" मी पायरीवरूनच "घाईत आहे हो" म्हणाले होते.

"हो," मी म्हणाले. "येत होता."

शेठनी तांब्या पुन्हा हातात घेतला. रागावले असते तर बरं झालं असतं.

"सांगायचं ना, बाई," ते म्हणाले. "गादी बदलली असती. दोन तासांचं काम होतं."

त्यांनी तांब्या स्वच्छ धुतला, पुसला, मांडणीवर ठेवला आणि गेले.

त्यानंतर ते आमच्याकडे फिरकले नाहीत. दिवाळी झाली. आत्या दोनदा म्हणाल्या, "शेट आजारी हायेत का काय, बघून तरी ये." मला पाय उचलवत नव्हता. शेवटी एका रविवारी दुपारी गेले. दार उघडंच होतं. शेठ ओट्यावर बसले होते. मला बघून उठले आणि आतल्या खोलीकडे चालू लागले. मी मागून गेले.

भाभींच्या खोलीत काहीच नव्हतं. भिंतींना ताजा चुना, फरशी घासून घासून पांढरट पडलेली. पलंगाच्या जागी समोरासमोर दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या. एकीचं बूड बसून बसून झिजलेलं, दुसरी कोरी करकरीत.

शेठ दाराशीच थांबले. बोट वर नाही, आवाज चढलेला नाही.

"येतो का?"

मी डोळे मिटून, छाती भरून श्वास घेतला. चुन्याचा वास होता. दुसरा कसलाच नव्हता.

"नाही, शेठ."

"खरं सांगा."

"खरंच नाही."

त्यांनी कोरी खुर्ची रुमालानं पुसली. ती माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाले, "मग बसा थोडा वेळ."

मी बसले. दिवेलागण होईपर्यंत बसले.